मदत केलेला माणूसच उलटला, तर चूक कोणाची?

धागाकर्ता:
हाताला धरून काम शिकवलं, अडचणीत पैसे दिले, त्याच्या कर्जाला जामीन राहिलो. त्याच माणसाने नोकरी सोडताना माझ्या ग्राहकांची यादी उचलली. कळलं ते एका जुन्या ग्राहकामुळे. त्याने दुसऱ्याचं कोटेशन मला पाठवलं, "हे तुमच्यापेक्षा स्वस्त कसं?" उघडलं तर तक्ता माझा, अटींची वाक्यंही माझीच, फक्त वरचं नाव वेगळं. आणि लोक मलाच सुनावतात, "अपेक्षा कशाला ठेवलीस?" केसाने गळा कापणारा मोकळा, आणि आत्मपरीक्षण मी करायचं? मला हे मान्य नाही.

पिंपळपान:
वाईट झालं. तरीही मदत केली म्हणून कोणी जन्मभर बांधला जात नाही. देणाऱ्याला आपण दिल्याचं समाधान असतं, घेणाऱ्याला मात्र आपण मिंधे आहोत हे रोज टोचतं. रोमच्या ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसच्या लढाईनंतर विरुद्ध बाजूच्या ब्रूटसला माफ केलं, पुढे पदं दिली. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून करायला खंजीर उपसणाऱ्यांत तो होताच. सीझरचा कट्टर विरोधक केटो, त्याने तर सीझरच्या दयेवर जगायचं नाही म्हणून जीव दिला.

रानवारा:
तुम्ही म्हणता तो मार्कस ब्रूटस मुळात विरोधी गोटातलाच होता, त्याचं सोडा. दुसरा ब्रूटस, डेसिमस, तो बघा. गॉलच्या (आजचा फ्रान्स) मोहिमेपासून सीझरचा माणूस, मृत्युपत्रात पर्यायी वारस म्हणून नाव. १५ मार्चला सीझर घराबाहेर पडायला तयार नव्हता, बायको नको म्हणत होती. तेव्हा घरी जाऊन त्याचं मन वळवून सभेला घेऊन गेला तो हा डेसिमस. दुसऱ्या कोणाचं सीझरने ऐकलं असतं का? उपकार विसरणं वेगळं. इथे विश्वासाचाच वापर करून घात केलाय, आणि धागाकर्त्याच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

पिंपळपान:
यादी नेणं चूकच, ते मी कुठे नाकारतोय? पण शिकवलं, पैसे दिले, जामीन राहिलो, हा पाढा त्यात कशाला? परक्याने नेली असती तरी चोरीच.

धागाकर्ता:
परक्याला मी पासवर्ड दिलाच नसता.

रानवारा:
+१

सायली_फूल:
वाद चालू द्या, पण ते कर्ज फिटलंय का? नसेल आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक तुमच्या दारात येईल. "मी आता जामीन नाही" असं नुसतं म्हणून सुटका होत नाही, बँकेने मान्य करावं लागतं. बाकी किती ते लेखी विचारा, दुसरा जामीनदार चालेल का तेही. आणि ग्राहकाने पाठवलेलं ते कोटेशन पुसू नका.

धागाकर्ता:
नाही फिटलं. म्हणजे माझे ग्राहक घेऊन तो धंदा करतोय आणि त्याच्या हप्त्यांमागे अजून सही माझीच. उद्याच बँकेत जातो.
पिंपळपान, त्याला जायचा हक्क होता, कबूल. समोर बसून "मला स्वतःचं सुरू करायचंय" एवढं बोलला असता, तर पहिले काही ग्राहक मीच त्याला जोडून दिले असते.