फलक नाही, पन्हाळ दाखवा
माहितीफलक वाढवले की पर्यटकांना वारसा कळेल, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. ऐन पावसाळ्यात दोन भाच्यांना मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत नेलं होतं, फलकापाशी पोरं मिनिटभरही थांबली नाहीत. (खरं तर मीही नाही.) मग धाकट्याने कातळात खोदलेल्या पन्हाळीत एक पान सोडलं. ते वाहत वाहत थेट लेण्याजवळच्या टाक्यात गेलं, आणि प्रश्न सुरू झाले.

तेव्हा सांगितलं, इथे शंभरावर लेणी आहेत, राहणाऱ्या भिक्षूंना वर्षभर पाणी पुरावं म्हणून ही सोय. ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, लोक ती दान करत. त्यानंतर प्रत्येक लेण्यात शिरण्याआधी दोघंही पोढी शोधत होते.