कार्तिकाचे पान: वाचलेले, घरातले आणि सुखाचे

सांजवात, ठाणे

दिवाळीआधी माळा आवरताना आईची 1986 सालची दुधाच्या हिशेबाची वही हाती लागली आणि त्या दिवशीचे आवरणे तिथेच थांबले. डाव्या पानावर तारखा, रतीब, गवळी न आलेल्या दिवसांवरच्या फुल्या आणि महिनाअखेरची बेरीज, हे अपेक्षितच होते. उजव्या पानावर मात्र तिने त्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकांची नावे, ती आणल्याच्या आणि परत केल्याच्या तारखा लिहिल्या होत्या आणि सर्वांत खाली 'सुखाचे' असा शब्द घालून त्यापुढे एकच ओळ लिहिली होती. कार्तिकाच्या पानावर ती ओळ अशी आहे: 'सगळे झोपल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसले.'

त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळलेली होती, आम्ही तिघे भावंडे शाळेत होतो, आणि आईचा असा स्वतःपुरता एखादा कोपरा असेल हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते. ती ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयाची सभासद होती. 1893 साली सुरू झालेल्या त्या संस्थेत ती भाजी आणायच्या पिशवीतूनच पुस्तके नेत-आणत असे, त्यामुळे पुस्तकांच्या कडांना कधीकधी कोथिंबिरीचा वास येत असे, एवढेच मला आठवत होते. ती किती वाचत होती, हे मला वही पाहून कळले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिने त्या एका वर्षात तीन वेळा आणलेली आहेत.

म्हणून या कार्तिकात मीही तसेच एक पान लिहिले. बाबांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भाऊबीजेनंतर झाली आणि महिनाभर त्यांना वाचायचे नव्हते, तेव्हा दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि रात्री अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवायचे, असा क्रम ठरला. वाचायला मी 'स्मृतिचित्रे'च घेतले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने उतारवयात असे गद्य लिहावे, ज्यात सोवळेओवळे, उपासमार, नवऱ्याचे धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट हे सारे एखाद्या शेजारणीशी बोलावे तितक्या सरळपणे येते, याचे आश्चर्य मला चाळीस वर्षांपूर्वी अभ्यासक्रमातला उतारा वाचताना वाटले नव्हते. बाबा डोळे मिटून ऐकत आणि मध्येच हात वर करून एखादे वाक्य पुन्हा वाचायला सांगत. ते तीन वेळा आणल्याचे बाबांनाही ठाऊक नव्हते. मी वहीतल्या तारखा वाचून दाखवल्या, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझ्या पानावरची 'सुखाचे' ही ओळ मी सवडीने लिहीन. आपण या कार्तिकात काय वाचले, घरात काय घडले आणि सुखाचे काय होते, ते लिहावे, अशी मनापासून विनंती आहे.

बोरकूट, वाई तालुका

आमच्या भागात या महिन्यात शेतीपंपाची वीज आठवड्यातून चार दिवस रात्रीची होती, त्यामुळे माझे सगळे वाचन गव्हाला पाणी देताना बांधावर, डोक्याला बांधायच्या विजेरीच्या उजेडात झाले. एका वाफ्यात पाणी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन-तीन पाने होतात, मग उठून बारे मोडायचे आणि दुसऱ्या वाफ्याला पाणी लावून पुन्हा बसायचे. पुस्तक दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' होते. 1956 साली आलेल्या या पुस्तकात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख आहे आणि मी गेली काही वर्षे ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचतो. कार्तिकाचा लेख मी पाच रात्रींत पुरवून वाचला. माणसे तारखांवर जगतात, पण झाडे, माती आणि पाखरे महिना कसा ओळखतात याकडे दुर्गाबाई ज्या बारकाईने पाहतात, तशी नजर मला शेतात जन्म काढूनही आलेली नव्हती. आता थोडी येऊ लागली आहे.

पहाटे मोटर बंद करून घरी परतताना देवळात काकडआरती चालू असते. पायाला चिखल असल्यामुळे मी आत जात नाही, बाहेर पारावर बसून ऐकतो. सुखाचे विचारले आहे म्हणून हे लिहिले.

त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी मुलांना घेऊन भिलारला गेलो होतो. 2017 सालच्या मे महिन्यात ते पुस्तकांचे गाव झाले. लोकांच्या राहत्या घरांत कपाटे मांडलेली आहेत, आणि कोणाच्याही ओसरीवर बसून वाचता येते. धाकटा एका घरात बालसाहित्याच्या कपाटापुढे बसला तो दोन तास उठला नाही, आणि त्या घरच्या काकूंनी त्याच्यासमोर न विचारता वाटीभर स्ट्रॉबेरी आणून ठेवली. हंगामाची पहिलीच फळे होती.

मोरावळा, पुणे

बोरकूट दादा, भिलारला मुक्कामाची सोय घरांतच होते का, हे कृपया सांगावे, कारण माझ्या आईला एका दिवसात जाऊन-येऊन प्रवास झेपत नाही.

माझ्या पानावर पुस्तक नाही. बाळ सात महिन्यांचे आहे आणि कार्तिकात मी एका दिवाळी अंकातली एकच कथा चार दिवस वाचत होते, तरीही तिचा शेवट अजून राहिला आहे. सुखाचे म्हणाल तर तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी सासूबाईंनी बाळाला घेतले आणि मला 'जा, अंगणात नुसती उभी राहा' असे सांगितले. मी खरोखरच नुसती उभी राहिले. ऊस, बोरे, चिंचा आणि आवळे मांडलेले होते आणि शेजारच्या इमारतीतून मंगलाष्टके ऐकू येत होती.

बोरकूट, वाई तालुका

ताई, राहण्याची सोय होते, काही घरांत खोल्या मिळतात, परंतु आधी बोलून ठेवावे. चढ आहे, म्हणून आईंना गाडीने गावात वरपर्यंत न्यावे. कथेचा शेवट राहिला म्हणून खंत करू नये, अंक पुढच्या दिवाळीपर्यंत ताजाच असतो.

निळी वाट, सिडनी

आमच्याकडे कार्तिक वसंतात येतो. आमच्या रस्त्यावर जॅकरँडाची झाडे याच महिन्यात फुलतात आणि सकाळी पदपथावर जांभळा सडा पडलेला असतो. बोरकूट यांनी लिहिले आहे तसे महिन्याचा लेख त्या महिन्यात वाचायचा, तर मला कार्तिकात चैत्र काढावा लागेल, हे वाचतानाच लक्षात आले आणि मी तो प्रयोग पुढच्या वर्षी नक्की करणार आहे.

आईबाबा दिवाळीला इकडे आले. विमानतळावर वजन जास्त भरले, तेव्हा आईने चकलीचा डबा काढून भावाच्या हाती दिला आणि सहाच्या सहा दिवाळी अंक तसेच राहू दिले. चकली इथे करता येते, अंक करता येत नाहीत, हा तिचा विचार होता. नऊ वर्षांची लेक ते अंक घेऊन बसली, परंतु कथा वाचण्याइतके मराठी तिला येत नाही. ती जाहिराती वाचते, कारण तिथली अक्षरे मोठी असतात. सराफी पेढ्या, सहकारी बँका, मसाले, गुडघेदुखीची तेले, असे करत तिने पहिल्या अंकाच्या सगळ्या जाहिराती आजोबांना वाचून दाखवल्या आणि 'प्रोप्रायटर' या शब्दातली सगळी जोडाक्षरे एका दमात म्हटली. तिच्या मराठीची मला वाटणारी काळजी त्या संध्याकाळी पुष्कळच हलकी झाली.

उंबरठा, सांगली

इथे लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

आमच्या घरी दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी हे काम माझ्या यजमानांचे होते. श्रावणात ते दुकानात जाऊन यादी देत आणि दरवर्षी त्या दुकानदाराला, तो जणू प्रथमच ऐकतो आहे अशा रीतीने, 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला त्याची हकिगत सांगत. दुकानदारही ती शेवटपर्यंत ऐकून घेत असे. गेल्या वर्षी यादी देऊन आल्यानंतर महिनाभरातच, भाद्रपदात, ते गेले. दिवाळीत अंकांचा गठ्ठा घरी आला, तेव्हा मी तो सुतळी न सोडता कपाटात वर ठेवून दिला आणि वर्षभर त्या कप्प्याकडे पाहिले नाही.

या कार्तिकात, वैकुंठ चतुर्दशीच्या दुपारी, मी तो खाली काढला. त्यांचे नेहमीचे पाच अंक होते, माझा पाककृतींचा एक होता, आणि त्यांच्याखाली रहस्यकथांचा एक अंक होता, जो आमच्या घरी यापूर्वी कधीही आलेला नव्हता. बरोबरच्या पावतीवर त्या नावापुढे त्यांच्या अक्षरात कंसात 'सौ.साठी' असे लिहिलेले होते. लग्नाआधी मी मामाकडे सुटीत चोरून रहस्यकथा वाचत असे, हे मी त्यांना एकदाच, तेही प्रवासात, कोल्हापूरच्या गाडीत बसलेलो असताना सांगितले होते. त्याला पंचवीसेक वर्षे झाली असतील. ते त्यांनी कुठे जपून ठेवले होते आणि नेमके गेल्या वर्षीच का बाहेर काढले, हे मला आता कधीच विचारता येणार नाही.

तो अंक मी तीन दुपारींत वाचला. खुनी कोण हे दोन कथांत मला आधीच ओळखता आले, आणि ते सांगायला मी दोन्ही वेळा त्यांच्या खुर्चीकडे वळले.

सांजवात, ठाणे

उंबरठा ताई, मी बाबांना आपले लिहिणे वाचून दाखवले. त्यांनी आपल्याला नमस्कार सांगितला आहे आणि ती पावती अंकातच ठेवावी, वेगळी काढू नये, असे सांगायला सांगितले आहे.

मोरावळा, पुणे

काकू, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. बाळ झोपल्यावर मी ते पुन्हा वाचणार आहे.

उंबरठा, सांगली

पावती अंकातच आहे. मोरावळा, तुझे नाव पाहून विचारते, तू तो घरी करतेस का? माझ्याकडे आवळीभोजनाला गेलेल्या मैत्रिणींनी दोन किलो आवळे आणून दिले आहेत आणि एकटीसाठी काही करण्याची सवय माझी मोडली आहे.

मोरावळा, पुणे

काकू, मी आईच्या पद्धतीने करते. आवळ्यांना काट्याने सगळीकडून टोचे मारून ते रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, त्याने तुरटपणा कमी होतो. सकाळी तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुऊन, फोडी सुटू लागतील इतपतच वाफवायचे. एक किलो आवळ्यांना सव्वा किलो साखर घेऊन तिचा पाक करायचा आणि त्यात आवळे घालून मंद आचेवर पाक पुन्हा मधासारखा दाट होईपर्यंत ठेवायचे. वेलची आणि दोन लवंगा शेवटी घालायच्या. पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नये. एकटीसाठी म्हणून कमी करू नका, दोन्ही किलोंचा करा. मोरावळा वर्षभर टिकतो आणि देण्यासाठी माणसे सापडतातच.

वाळवंटीकाठ, डिचोली

आम्ही गोव्यात तुळशीच्या लग्नाला व्हडली दिवाळी म्हणतो, म्हणून आमच्या पानाचा मोठा भाग त्यातच जातो. वृंदावनाला रंग देणे, नवरदेव म्हणून दिंड्याची काठी आणणे, उसाबरोबर चिंचेची आणि आवळ्याची फळांसहित डहाळी बांधणे, ही कामे यंदा प्रथमच सासऱ्यांच्या ऐवजी माझ्या मुलाने केली. सासरे खुर्चीत बसून सूचना देत होते आणि गाठ चुकली की उठू पाहत होते.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. दिव्यांनी उजळलेली एकेक होडी काठावरच्या गर्दीसमोरून पुढे जाते, तेव्हा लहान मुले आपल्या वाड्याची होडी ओळखून ओरडतात. यंदा मी सासूबाईंना धरून पायऱ्यांपर्यंत नेले. त्यांनी वातींचे तेल, पाणी आणि ओल्या मातीचा वास आला की त्यांना माहेर आठवते, असे सांगितले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून माहेरचा उल्लेख फारसा ऐकला नव्हता. घरी आल्यावर त्या आपणहून तासभर बोलल्या आणि मी हातातले पुस्तक मिटून ठेवले. वाचनाच्या रकान्यात मी त्या रात्रीपुढे त्यांचेच नाव लिहिले आहे.

संत्रासाल, नागपूर

परीक्षेचे पेपर तपासण्यात माझा अर्धा महिना गेला, त्यामुळे मी थोडक्यात लिहिते. आंबिया बहाराची संत्री घरी आली आहेत. दुपारी गच्चीवर उन्हात पाठ करून, एक फोड आणि एक कविता अशा रीतीने मी एक कवितासंग्रह संपवला, त्याच्या काही पानांवर रसाचे डाग पडले आहेत आणि पुस्तक मैत्रिणीचे आहे. नवी प्रत घेऊन तिला द्यायची आणि डागांची आपल्याकडे ठेवायची, असे मी ठरवले आहे. साली वाळत घातल्या आहेत, पुढच्या दिवाळीच्या उटण्यासाठी.

उंबरठा, सांगली

मोरावळा झाला. चार बरण्या भरल्या आहेत. एक दिवाळी अंकांच्या दुकानदाराकडे देऊन आले आणि पुढच्या वर्षीच्या यादीसाठी माझे नाव लिहून घ्यायला सांगितले. श्रावणात यायला त्यांनी सांगितले आहे.

सांजवात, ठाणे

काल बाबांना वाचायची परवानगी मिळाली. चष्म्याचा नवा क्रमांक यायचा आहे, तरी त्यांनी पुस्तक न मागता आईची वही मागितली आणि खिडकीशी बसून बारा महिन्यांची उजवी पाने एकामागून एक वाचली. मार्गशीर्षाच्या पानावर थांबून त्यांनी मला हाक मारली. तिथे 'सुखाचे'पुढे आईने लिहिले आहे: 'ह्यांनी न सांगता चहा केला. साखर जास्त झाली, बोलले नाही.'

आज सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. मी उठून बाहेर येईपर्यंत बाबांनी दोन कप भरलेले होते आणि साखरेचा डबा उघडा ठेवून मला किती घालू असे विचारले.

माझ्या पानावरची ओळ मी आता लिहिते.