कांद्याच्या सालींचा रंग मलमलीवर डागाडागाने बसतोय, मदत हवी आहे

पांढरी सुती मलमल 200 ग्रॅम, कांद्याच्या कोरड्या सालीही तेवढ्याच. कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळलं, 40 ग्रॅम हिरडा पुडीच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, पिळून 30 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात आणखी एक रात्र. सुतावर नुसती तुरटी नीट धरत नाही, म्हणून आधी हिरडा. साली पाऊण तास उकळून गाळल्या आणि त्या 4 लिटर पाण्यात कापड मंद आचेवर तासभर. पातेलं स्टीलचं, लोखंडी कढईत हिरडा काळा पडतो.

रंग सुंदर आलाय, पिकल्या आंब्यासारखा. पण घड्यांवर फिकट पट्टे आहेत आणि काठाजवळ तळहाताएवढे डाग. डागावर पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा उभा राहतो, बाजूला लगेच जिरतो. म्हणजे खळ राहिली असणार.

आता हेच कापड पुन्हा सोड्यात उकळलं तर रंग किती उतरेल? उतरल्यावर हिरडा आणि तुरटी दोन्ही परत द्यायची का, की तुरटी पुरे? आणि 200 ग्रॅमला 4 लिटर कमी पडलं का? 6 लिटर घेतलं तर साली वाढवायच्या का?

बाळाची झबली शिवायची आहेत, त्यामुळे ब्लीच नको.