परीकथांवरच्या किशोर कादंबऱ्या, पण चाळिशीत

प्रश्न: मुलीसाठी आणलेली मारिसा मायर यांची ‘सिंडर’ (२०१२) मीच दोन रात्रींत वाचून संपवली. शेवट ठाऊक असलेली सिंड्रेलाची गोष्ट या वयातही एवढी का धरून ठेवते?

प्रतिसाद १: शेवट ठाऊक असतो, म्हणूनच लक्ष वाटेवर राहते. इथली नायिका यंत्रदुरुस्ती करणारी असून, आरंभीच ती स्वतःच्या धातूच्या घोट्यातला गंजलेला स्क्रू काढते. काचेच्या बुटाची जागा या तोकड्या पायाने घेतली आहे, हे उमगले तेव्हा मी पुस्तक मिटून हसत बसले.

प्रतिसाद २: मूळ कथाही काही सोवळ्या नव्हत्या. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती सख्खी आई; सावत्र आई १८१९मध्ये आली. त्यामुळे आजच्या लेखिका कथा बिघडवतात, ही तक्रार मला पटत नाही.

प्रश्नकर्ती: आभार. सख्ख्या आईचे मात्र मुलीला तूर्तास सांगत नाही!