पीएचपीतलं फाइलचं भोक: भाषेची सेटिंग पुरेल की कोडच बदलायचा?

कास्तकाराचा पोरगा (दारव्हा)
आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेल्या साइटवर सभासदांचे सातबारे अन् पासबुकाच्या प्रती आहेत. डाउनलोडच्या पत्त्यात फाइलचं नाव दिसतं. त्याच्याआधी ‘../’ लावलं की एक फोल्डर वर जाता येतं आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइलसुद्धा उतरते. ते पान बंद करायला लावलं आहे. माझं मत, आता कोडच बदलावा. बाहेरून फाइलचं नाव घ्यायचंच नाही. कागदाचा क्रमांक घ्या, तो लॉगिन केलेल्या सभासदाचाच आहे का हे डेटाबेसात तपासा, मगच फाइल द्या. फाइली वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा.

सर्व्हरवाला (वाशीम)
ज्यानं साइट बनवली तो पुण्याला नोकरीला गेला असेल. नवा माणूस शोधायचा, पैसे मोजायचे. सोयाबीन काढणीच्या तोंडावर संचालक मंडळ मंजुरी देईल? पीएचपीतच ‘ओपन बेसडिर’ सेटिंग आहे. फोल्डर लिहून दिला की फाइल उघडणारी फंक्शनं त्याच्याबाहेर जात नाहीत. सोबत ‘../’ गाळणारी एक ओळ घाला. झालं.

कास्तकाराचा पोरगा
ती गाळणी फसवी आहे. ‘....//’ लिहून पाहा: मधलं ‘../’ गळतं आणि उरलेलं जुळून पुन्हा ‘../’च होतं. बेसडिरचं म्हणाल तर कॉन्फिग फाइल परवानगीच्याच फोल्डरात असते, साइटला ती लागते. शेजाऱ्याचा सातबाराही तिथंच. मग अडवलं काय? पीएचपीतल्याच ‘सेफ मोड’ या जुन्या सुरक्षा-सेटिंगचं काय झालं ते आठवा. सामायिक होस्टिंगची, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथली, सुरक्षा भाषेकडून करून घ्यायला गेले, शेवटी २०१२ साली पीएचपीच्या ५.४ आवृत्तीत तो काढूनच टाकावा लागला.

आर्वीकर
दोघंबी आवृत्तीचं काहून बोलत नाई जी? सर्व्हर लय जुना असन तं नावामागं ‘.पीडीएफ’ जोडूनबी उपेग नाई. ५.३.४ च्या आधी नावात शून्य बाइट, म्हन्जे नाव संपल्याची खून, घातला की त्याच्यापुढचं सारं गळून जाये. ७.४ लेबी २०२२ पासून दुरुस्त्या बंद हायेत. आधी आवृत्ती वाढवा.

सर्व्हरवाला (वाशीम)
आणि जुना कोड? मायएसक्यूएल या डेटाबेसची जुनी फंक्शनं ७.० मध्ये काढली, अख्खी साइट बसेल. सेटिंग आज रात्री लागते, कोडला वेळ जाईल. निदान सर्व्हरवरच्या बाकीच्या फाइली तरी वाचतील. माझं म्हणणं कायम आहे.

कास्तकाराचा पोरगा
सेटिंग लावा, माझी ना नाही. पण तेवढ्यावर पान पुन्हा सुरू करायला माझा ठाम विरोध आहे. ज्याला कागद हवा त्यानं तोवर कार्यालयात यावं. एक चक्कर पडेल, पण दुसऱ्याचं पासबुक कोणाच्या हाती जाणार नाही.

आर्वीकर
अन् पासवर्ड बदलला का? कॉन्फिग उतरत होती म्हन्ता, तं तो कोनाकोनाकडं गेला काय सांगता येते! डेटाबेसचा आजच बदला. तोच पासवर्ड ईमेललेबी असन तं तोबी. सर्व्हरचे लॉग, म्हन्जे कोनं काय उतरवलं त्याच्या नोंदी, पुसू देऊ नका, अन् ज्याइचे कागद हायेत त्या सभासदाइले आधी सांगा.