प्रति: पंक अल्बम आणि चटकदार खाऊ

पंक म्हणजे वेगवान, रांगडं रॉक संगीत. असा एक अल्बम ऐकताना खायला पाच चवी तुम्ही सुचवल्यात, त्या फार होतात. रामोन्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम (१९७६) म्हणजे १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं. त्यात दोनच चवी बसतात, रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूसाठी एक. आधी नुसत्या मिठाचे फणसाचे तळलेले गरे, मग तिखट लावलेले. उलट केलंत तर बधिर जिभेला फणसाचा गोडसरपणा कळतच नाही. मधे पाणी नको, तिखट त्यात विरघळत नाही. बिनमिरचीच्या सोलकढीचे दोन घोट घ्या. नारळाच्या दुधातला स्निग्धांश ते उतरवतो.

गरे तेलातून काढल्याकाढल्या त्यांवर तिखट भुरभुरायचं; गार गऱ्यांना ते चिकटत नाही, सगळं डब्याच्या तळाशी जमतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा गरे बघता बघता मऊ करते, तेव्हा सुई रेकॉर्डवर टेकल्यावरच डबा उघडा. मऊ पडलेच तर मंद तव्यावर परता आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर वाफ धरते.

आणि हेडफोन नकोच! कान बंद असले की चावण्याची कुरकुर आतच घुमते, झांजा पार बुडतात.

क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बमला (१९७९) मालवणी खाजा. १९ गाणी, त्यात रेगे आणि स्का हे जमैकन संगीतप्रकारही. गूळ-आल्याची ती कांडी सावकाश चघळायला भरपूर वेळ मिळतो.