पुल्पिट, बंपर आणि लोखंडी चाकं

जुन्या वळणाचे मेनोनाइट (साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) म्हणजे घोडागाडीतून फिरणारे आमिश पंथीयच, मोटारीला शिवतसुद्धा नाहीत, असं बरेचजण म्हणतात. सरसकट तसं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीचंच बघा. १८८९ मध्ये तिथल्या लिक्टी प्रार्थनाघरात नवं पुल्पिट, म्हणजे प्रवचनासाठीचं उंच व्यासपीठ, बसवलं. प्रवचनकाराने लोकांच्याच पातळीवर, साध्या टेबलामागे उभं राहायचं ही जुनी रीत. मग काय, एका रात्री कुणीतरी पुल्पिट उखडून जुनं टेबल परत मांडलं! वाद चिघळला (संडे स्कूल म्हणजे रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग, जर्मनऐवजी इंग्रजी प्रवचनं, असे वादही होतेच) आणि १८९३ मध्ये बिशप जोनास मार्टिन आपली माणसं घेऊन वेगळे झाले.

या वेगळ्या झालेल्या गटातच पुढे मोटारीवरून फूट पडली ती १९२७ मध्ये. बिशप मोझेस हॉर्निंग यांच्या गटाने मोटार स्वीकारली, पण चकचकीत क्रोम नको म्हणून बंपर काळे रंगवून. जोसेफ वेंगर यांच्या मागे गेलेले बग्गीवरच राहिले. गंमत म्हणजे भांडूनही काही प्रार्थनाघरं सामाईकच: एक रविवार यांचा, एक त्यांचा. वेंगर गटाला शेतात ट्रॅक्टर चालतो, फक्त चाकं लोखंडी हवीत. रबरी टायर लावले की लोक तोच घेऊन बाजारात निघतील, ही धास्ती. मला तर ती अगदी रास्त वाटते.